टेंडर भरायचंय? आधी उद्यमचा कागद

कारंजा धरणावरच्या बांधवांनो, सरकारी टेंडरात छोटा धंदा अनेकदा अनामत रकमेवरच अडतो. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांना ही अनामत माफ आहे. केंद्राच्या २५ टक्के खरेदीचं उद्दिष्ट त्यांच्यासाठी आहे, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून.

त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती आधारवर मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नका. पण नुसती मासेमारी उद्यममध्ये बसत नाही! मासे सुकवणं, जाळी विणणं, होडी बांधणं बसतं. घरात असं काम चालत असेल तर त्याचीच नोंदणी करा.

कर्नाटक सरकारची टेंडरं मात्र राज्याच्या १९९९ च्या कायद्याने निघतात. तिथे माफी गृहीत धरू नका, अटी आधी नीट वाचून घ्या.