सरपणाची मांडणी

प्रस्तावना

कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू होतो आणि पुढचे चार महिने अंगण कोरडे राहत नाही. म्हणूनच आगोटीच्या कामांत घर शाकारणे, धान्य व मीठमिरची भरून ठेवणे यांबरोबर सरपणाची बेगमी हेही एक मोठे काम असते. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत गॅस पोहोचला. तरीही आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी, भाकरीसाठी किंवा सिलिंडर संपल्यावर आधार म्हणून कितीतरी घरांत चूल पेटतेच. या चुलीसाठी लाकूड कसे साठवावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• ओल्या व सुक्या लाकडातील फरक स्पष्ट करू शकाल;
• सरपणाची मांडणी कशी उभारावी, हे क्रमाने सांगू शकाल;
• साठवणीत घ्यावयाची काळजी जाणून घ्याल.

ओले लाकूड आणि सुके लाकूड

ताज्या तोडलेल्या लाकडात बहुधा निम्मे वजन पाण्याचे असते. असे दहा किलो लाकूड घेतले, तर त्यात सुमारे पाच किलो पाणीच असते. लाकूड चांगले वाळून त्यातील पाण्याचा अंश एक पंचमांशावर आला, की त्याच लाकडाचे वजन सुमारे सव्वासहा किलो भरते. उरलेले पावणेचार किलो पाणी ऊन आणि वारा यांनी फुकट काढून नेलेले असते. हे काम उन्हावाऱ्याने केले नाही, तर ते चुलीला करावे लागते. लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. जाळ धरत नाही, धूर मात्र भरपूर होतो. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या डोळ्यांत आणि छातीत तो धूर जातो. घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सुक्या लाकडाने धूर पूर्णपणे थांबत नाही. पण तो निश्चितच कमी होतो, आणि लाकूडही कमी लागते. लाकूड कमी लागले, की डोक्यावरून वाहून आणावयाचे भारेही कमी होतात.

मांडणी कशी उभारावी

जागा : घराच्या भिंतीला लागून मांडणी करू नये. भिंतीला ओल येते आणि वाळवीला घरात शिरण्यास वाट मिळते. अंगणाच्या कडेला, पाणी न साचणारी उंच जागा निवडावी.

पाया : लाकूड जमिनीवर टेकू देऊ नये. चिऱ्यांच्या दोन समांतर ओळी मांडून त्यांवर बांबू किंवा जुने वासे आडवे टाकावेत. जमिनीपासून वीतभर मोकळी जागा राहिली, की खालून वारा खेळतो आणि वाळवी चढू लागल्यास तिची मातीची नळी लगेच दिसते.

खांब : चारही कोपऱ्यांवर वरच्या टोकाला बेचके असलेल्या मेढी पुराव्यात. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावल्यास तो लवकर कुजत नाही.

रचना : जाड ओंडके फोडून घ्यावेत, फोडलेले लाकूड लवकर वाळते. चळतीच्या दोन्ही टोकांना लाकडांचा एक थर उभा व एक थर आडवा असा रचावा, म्हणजे चळत ढासळत नाही. मधली लाकडे फार दाटून भरू नयेत. छातीपेक्षा उंच चळत करू नये.

छप्पर : उन्हाळ्यात चळत उघडी ठेवावी. पावसापूर्वी तिच्यावर झाप किंवा पत्रा घालावा. कोकणात पावसाचा मारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून छपराचा उतार त्या बाजूस ठेवून तेथे झापांचा आडोसा करावा. इतर बाजू मोकळ्या असाव्यात. सगळी चळत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली, तर आतली ओल आतच राहते आणि लाकडाला बुरशी येते.

घ्यावयाची काळजी

लाकडांच्या फटींत विंचू आणि फुरसे यांना आसरा मिळतो. म्हणून लाकूड काढण्यापूर्वी काठीने चळत हलवावी आणि अंधारात हात घालू नये. सर्पदंश झाल्यास रुग्णाला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. जुने लाकूड आधी वापरावे. वाळलेले लाकूड ओळखणे सोपे असते : टोकांना चिरा पडतात, साल सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज येतो.

समारोप

या मांडणीला विकतचे साहित्य फारसे लागत नाही. चिरे, बांबू, झाप बहुधा परसातच मिळतात. फक्त काम वेळेवर व्हावे लागते. फेब्रुवारीत फोडून रचलेले लाकूड जुलैत जाळ देते. मेअखेरीस घाईने आणलेले लाकूड धूर देते. सरपण आणण्याचे आणि चूल फुंकण्याचे कष्ट बहुतेक घरांत स्त्रियाच सोसतात. म्हणून मांडणी उभारण्याचे काम घरातील सर्वांनी मिळून करणे, हेच न्याय्य होय.

शब्दार्थ

आगोट – पावसाळ्याच्या तोंडाचे दिवस
बेगमी – पुढील काळासाठी केलेला साठा
झाप – नारळाच्या झावळीचे विणलेले आच्छादन
मेढ – छप्पर पेलणारा लाकडी खांब

स्वाध्याय

१. ओले लाकूड जाळल्यास उष्णता कशात खर्च होते?
२. कारणे द्या : (अ) लाकूड जमिनीवर टेकू देऊ नये. (आ) चळत प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये.
३. तुमच्या भागात इंधन कसे साठवतात? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.