खाडे विचारा, आजार कळेल

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीभोवती कसबा सांगाव, तळंदगे, हलसवडे, पट्टणकोडोली ही गावं आहेत. तिथल्या घरांतून आणि कामगारांच्या खोल्यांतून आरोग्य पाहणीची वही घेऊन मी बरीच हिंडले. त्यातून शिकलेलं हे.

१. आधी माणसं मोजा. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, त्यामुळे गावाचे आकडे २०११ चेच चालत आले. साधारण हजार लोकांमागे एक आशा, असा नियम. पण बिहार-ओडिशातून आलेली, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पोरं त्या हजारात कुठे असतात? रुग्ण किती ते कळतं, किती जणांत ते कळत नाही. पुण्याजवळच्या वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावागावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर अशी तिन्हींची नोंद ठेवली. त्या पट्ट्यातही कारखाने आहेत. आपल्याकडे निदान खोलीमालकांची यादी तरी व्हावी.

२. आजार विचारू नका, खाडे विचारा. "काय त्रास होतोय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काय नाही बघा, ताई." पण "गेल्या महिन्यात खाडे किती पडले, कशानं?" म्हटलं की कंबर, जुलाब, डोळ्यात उडालेली ठिणगी, सगळं बाहेर येतं. ठेकेदाराकडचा माणूस दुखणं विसरेल, बुडालेला रोज विसरत नाही.

३. बायकांचं बायकांनीच विचारावं, आणि घाई करू नये. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. दवाखान्याच्या रजिस्टरवर विसंबलं असतं तर ही गावं निरोगीच ठरली असती. मी शिलाईकाम करणाऱ्या बायकांना एक प्रश्न हमखास विचारते, "कामाच्या पाळीवर असताना पाणी किती पिता?" कितीतरी जणी सांगतात, संडासला जायला लागू नये म्हणून पीतच नाही. लघवीच्या जळजळीचं कारण तिथं सापडतं. औषधाआधी तिथं स्वच्छ आणि जवळचं स्वच्छतागृह लागतं.

४. 'मजुरी' एवढंच लिहू नका. क्षयरोगाच्या नोंदीत व्यवसायापुढे हाच शब्द मला वारंवार दिसला. फौंड्रीत मोल्डिंगला होता, फेटलिंगला की शॉट ब्लास्टिंगला? वाळूच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही आणि क्षयाचा धोका वाढवतो. तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. काम कोणतं आणि किती वर्षं, हे दोन रकाने वाढवले तर एकाच खात्यातले खोकणारे चौघे एका ओळीत दिसतील.

५. पाणी सोडणाऱ्याची वही आणि मेडिकलवाल्याचा अनुभव या दोन्हींना मी मोठ्या अहवालाइतकंच मोल देते. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली होती. पाण्यातून येणारी कावीळ दिसायला काही आठवडे लागतात. रुग्ण येतात तेव्हा ते पाणी केव्हाच पिऊन झालेलं असतं. म्हणून पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टची रोजची नोंद आणि जुलाबाच्या गोळ्यांचा खप शेजारी शेजारी मांडून बघावा.

६. आकडे ज्यांचे, त्यांना परत द्या. नावं झाकून, ग्रामसभेत मोठ्याने वाचून, आणि खोल्यांत हिंदीतून. ज्यांनी तासभर बसून आपलं दुखणं सांगितलं, त्यांना निष्कर्ष न कळवणं मला अन्यायाचं वाटतं.

सरपंच, कारखान्यांचे कामगार अधिकारी आणि आशाताईंना माझी विनंती आहे: यंदाच्या ग्रामविकास आराखड्यासाठी आरोग्याची पाहणी कराल तेव्हा सुरुवात भाड्याच्या खोल्यांपासून करा, आणि रात्रपाळीवाले जागे असतील त्या वेळेला जा.