बेदाण्यांची गोड वाईन होते का?

प्रश्न : मुलगा इटलीला जाऊन आला. तिथे जेवणानंतर लहानशा पेल्यात मधासारखी गोड वाईन दिली आणि ती 'सुकवलेल्या द्राक्षांची' असल्याचं सांगितलं. आमच्या आत्याबाई दरवर्षी तासगावहून बेदाणे पाठवतात. त्यांची अशी वाईन होईल का? आणि हे आपलं द्राक्षासवच नव्हे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी कायद्याचं सांगतो. गुजरातेत दारूबंदी आहे आणि तिचा कायदा मुंबई राज्याच्या काळातला, १९४९ चा. परवान्याशिवाय वाईन करणं, बाळगणं, पिणं हे सगळंच गुन्ह्यात मोडतं. नाशिकहून पिशवीत बाटली घालून आणणंही त्यातच आलं. तेव्हा वडोदऱ्यात बरणी मांडण्याचा विचार सोडा. मात्र तुमची शंका फार चांगली आहे, ती सोडवू.

'सुकवलेली द्राक्षं' म्हटलं की आपल्याला बेदाणे आठवतात. इटलीतली ही द्राक्षं मात्र अर्धवट सुकवलेली असतात. व्हेरोनाजवळच्या वालपोलिचेल्ला भागात काढणीनंतर घड हवेशीर माळ्यावर रॅकवर पसरतात आणि तीन-चार महिने तसेच ठेवतात. तेवढ्यात त्यांचं वजन तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त घटतं. साल सुरकुतते, पण आत रस असतो आणि तो दाबून काढता येतो. पाणी उडालं, साखर मागे राहिली, त्यामुळे रस पाकासारखा दाट होतो.

आता गोडी कुठून येते ते पाहा. वरून साखर घालत असतील, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. ताज्या द्राक्षांच्या रसातली साखर यीस्ट बहुतेक संपवून टाकतं, म्हणून नेहमीची वाईन गोड लागत नाही. दाट रसात साखर मुळातच इतकी असते की अल्कोहोल चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास पोचलं की यीस्ट दमतं आणि उरलेली साखर तशीच राहते. पेल्यातला गोडवा हा असा उरलेला असतो. त्याच रॅकवरच्या द्राक्षांचा रस यीस्टने न दमता शेवटपर्यंत आंबवला, तर गोड 'रेचोतो'ऐवजी कोरडी 'आमारोने' तयार होते. 'आमारो' म्हणजे कडू. थोडक्यात, सुकवलेल्या द्राक्षांची वाईन गोडच असते असंही नाही.

मग आत्याबाईंचे बेदाणे? तासगावकडे द्राक्षांच्या सालीवर मेणाचा जो पातळ थर असतो तो मोडावा म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. पंधरवड्यात बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो उतरतो. पाणी उरतं पंधरा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे दाबून रस निघणं शक्य नाही. शिवाय पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते आणि गंधक यीस्टला मानवत नाही. खाण्यासाठी उत्तम असलेला हा माल वाईनसाठी अडचणीचाच. सिसिलीच्या दक्षिणेला पांतेलेरिया नावाचं बेट आहे. तिथे उन्हात वाळवून अगदी मनुकेच झालेली द्राक्षंही वापरतात, पण ती आंबत असलेल्या रसात घालतात. रस आधी लागतोच.

द्राक्षासवाशी नातं आहे, पण ते चुलत नातं. तिथे वाळलेल्या द्राक्षांना पाणी बाहेरून द्यावं लागतं. त्याच्या जोडीच्या द्राक्षारिष्टात मनुकांचा काढा करतात, तो आटवून गाळतात, गूळ घालतात, दालचिनी, वेलची, नागकेशर, पिंपळीसारखे मसाले घालतात आणि धायटीची फुलं टाकून महिनाभर तोंड बंद करून ठेवतात. काढा केला तर अरिष्ट, न उकळता केलं तर आसव, असा सर्वसाधारण भेद आहे. धायटीच्या फुलांतल्या मधाबरोबर यीस्ट येतं, म्हणून दोन्हींत अल्कोहोल आतच तयार होतं. पण गोडी मुख्यतः गुळाची आणि उद्देश औषधाचा. इटालियन वाईनमध्ये पाणीही नाही, गूळही नाही, सगळं द्राक्षाचंच. म्हणून मला ती अधिक नवलाची वाटते.

चव घ्यायची असेल तर महाराष्ट्रात गेल्यावर घ्या. सुला आणि रेव्हेलो या नाशिककडच्या वायनऱ्या 'लेट हार्वेस्ट शेनां ब्लां' करतात. त्यात घड रॅकवर न सुकवता वेलीवरच जास्त दिवस ठेवतात. तत्त्व तेच, साखर दाटवण्याचं. गार करून, अर्ध्या वाटीहूनही कमीच घ्यावी. श्रीखंडाबरोबर मात्र नको. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट आणि पाणचट लागते. इटलीतल्या तस्कनीत 'विन सान्तो' या अशाच गोड वाईनमध्ये बदामाची कडक, कमी गोड बिस्किटं बुडवतात. खारट जुनं चीजही छान जुळतं.

घरी करायचं तर एवढं करा, त्याला कायद्याची आडकाठी नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खंडेराव मार्केटातून बियांची काळी द्राक्षं आणा. घडाचं वजन करून तो गॅलरीत सावलीत, वारा लागेल असा दोरीने टांगा. रोज एक मणी काढून चिमटीत दाबा. पहिल्या दिवशी पातळ रसाची चिळकांडी उडेल. घड किलोचा साडेसहाशे ग्रॅमवर आला की तोच रस बोटाला चिकटेल आणि चाखला तर गोडी वाढलेली जाणवेल. इटलीत रॅकवरचे घड नेमके याच टप्प्यावर उचलतात.