पंढरीला लेकरे नेताना

आषाढी जवळ आली. पेरण्या उरकल्या. घरात बोलणे निघते, "अहो, औंदा पोरांना घेऊन पंढरीला जाऊ." पायी नाही, एसटीने. मोठ्या माणसाचे काय, पंचा खांद्यावर टाकला की निघाला. पण लेकरे बरोबर असली म्हणजे आदल्या दिवशी बसून यादी लिहावी. आता तुम्हाला लिहिता येते. मग सगळे डोक्यात कशाला ठेवायचे?

दिवस पावसाचे. प्रत्येक लेकराचे दोन कोरडे जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, मग गाठोड्यात ठेवा. अंथरायला घोंगडी बरी.

शिदोरीला दशम्या न्या. पीठ दुधात मळलेले असते, म्हणून त्या मऊ राहतात. भात नको, तो लवकर आंबतो. पिण्याचे पाणी घरून उकळून, गार करून घ्या. यात्रेत लाखो माणसे जमतात. तिथले मिळेल ते पाणी लेकरांना पाजू नका.

आता हे नीट वाचा. एका पुडीत साखर घ्या, दुसरीत मीठ, आणि चहाचा एक चमचा. पोराला जुलाब लागले, तर 1 लिटर उकळलेल्या गार पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त झाले तर बाधते. हे पाणी घोट घोट पाजत राहा. अंगावरचे दूध तोडू नका. "जुलाबात पाणी देऊ नये," असे काही म्हातारी माणसे म्हणतात. ते ऐकू नका. अंगातले पाणी गेले, ते भरून नको का काढायला? डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोर मलूल पडले, तर तडक दवाखाना गाठा.

दुसरी भीती पोर चुकण्याची. एका चिठ्ठीवर लेकराचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि मोबाईल नंबर लिहा. स्वतःच्या हाताने लिहा. चिठ्ठी खिशाच्या आत टाचा, बाहेर नको. बाहेरचे नाव वाचून कोणीही गोडीने हाक मारील, आणि पोर त्याच्या मागे जाईल. चिठ्ठी कोणाला दाखवायची, तेही पोराला सांगा: खाकी कपड्यातल्या पोलिसाला. पोर दिसेनासे झाले की लगेच पोलीस चौकीत जा. 1098 या नंबरावर रात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत.

एसटीत 5 वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, 5 ते 12 पर्यंत अर्धे. बायांनाही मार्च 2023 पासून अर्धे तिकीट सुरू झाले. पोराच्या वयाचा दाखला जवळ असू द्या, म्हणजे कंडक्टरशी वाद नको. टाळ, पानसुपारी ज्याची त्याने बघावी.