घटक ५ : निर्णयपर लेखन – विद्यापीठ बदलावे का?

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• निर्णयपर टिपणाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• विद्यापीठ बदलाच्या प्रश्नातील कारण, वस्तुस्थिती आणि पर्याय वेगळे करता येतील.
• सकारण निष्कर्ष असलेले टिपण लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वैचारिक लेखन वाचकाला एखादा विचार पटवून देते. निर्णयपर लेखनाचे काम याहून थोडे वेगळे आहे. येथे लेखकाला स्वतःलाच उत्तर शोधायचे असते आणि ते उत्तर का स्वीकारले, हे इतरांना समजेल अशा भाषेत नोंदवायचे असते. शिक्षण मध्येच खंडित होण्याचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. म्हणून प्रस्तुत घटकात आपण ‘पदवीचे शिक्षण चालू असताना विद्यापीठ बदलावे का?’ हाच प्रश्न उदाहरणादाखल घेणार आहोत.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ प्रश्नाची मांडणी

समजा, एक विद्यार्थिनी लातूर येथील महाविद्यालयात मराठी विषय घेऊन बी.ए. करीत आहे. हे महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. तिची तीन सत्रे पूर्ण झाली आहेत. विवाहानंतर ती ठाण्याला आली आणि तेथे तिला दिवसपाळीची नोकरी लागली. ठाण्यातील मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, असे घरच्यांचे मत आहे.

वरवर पाहता अडचण अंतराची आहे. परंतु कारण तपासण्याची एक साधी कसोटी आहे : विद्यापीठ बदलल्यावर ही अडचण नाहीशी होईल का? नियमित महाविद्यालयात साधारणतः ७५ टक्के उपस्थितीची अट असते. दिवसा नोकरी करणारीला ती लातुरात जितकी जड, तितकीच ठाण्यातही जड. म्हणजे तिची खरी अडचण वेळेची आहे. कारणाचे नाव बदलताच पर्यायही बदलतात आणि मुक्त विद्यापीठाचा विचार पुढे येतो. टिपणाचा पहिला परिच्छेद म्हणूनच कारणाच्या शोधाला द्यावा.

५.३.२ वस्तुस्थिती : श्रेयांकांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिच्यात साठवले जातात. सर्वसाधारणपणे ते ७ वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. मात्र ‘श्रेयांक जमा आहेत’ आणि ‘श्रेयांक स्वीकारले गेले’ ही दोन भिन्न विधाने आहेत. जमा श्रेयांकांपैकी किती मान्य करायचे, हे नवे विद्यापीठ अभ्यासक्रमांची तुलना करून ठरवते. यालाच समकक्षता निश्चिती म्हणतात. एका विद्यापीठात मध्ययुगीन वाङ्मय तिसऱ्या सत्रात असेल, तर दुसऱ्यात पाचव्या. शीर्षक सारखे असूनही आशय निराळा असू शकतो. म्हणून प्रत्येक सत्राचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवावा.

आता हिशेब मांडू. एका सत्राचे २२ श्रेयांक धरल्यास सहा सत्रांच्या पदवीसाठी १३२ आणि तीन सत्रांचे ६६ होतात. नव्या विद्यापीठाने सर्व ६६ मान्य केले, तर तीन सत्रे उरतात. ४४ च मान्य केले, तर ८८ श्रेयांक, म्हणजे चार सत्रे उरतात. एक सत्र हाच बदलाचा खरा खर्च होय; त्यात प्रवेशशुल्काची भर पडते.

आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा. वरील विनियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवणे अपेक्षित आहे. त्यामुळे चौथे सत्र संपवून ८८ श्रेयांक घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचे २२ श्रेयांक वाया जाण्याची शक्यता असते. बदल करायचाच असेल, तर तो अर्धी वाट संपण्यापूर्वी केलेला बरा.

५.३.३ पर्याय

‘बदलावे की न बदलावे’ अशी दुहेरी मांडणी बहुधा अपुरी ठरते. ‘काही काळ थांबावे’ हा तिसरा पर्यायही असतो. परंतु थांबणे आणि सोडून देणे यांत फरक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू केला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना भारतात परतावे लागले. तथापि चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले; १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. परतीची वाट मोकळी ठेवून घेतलेला विराम शिक्षणाचा शेवट ठरत नाही, हे यावरून लक्षात येते.

५.३.४ निष्कर्ष आणि कृतिक्रम

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीचा निष्कर्ष असा लिहिता येईल :

“माझी अडचण अंतराची नसून वेळेची आहे. त्यामुळे ठाण्यातील नियमित महाविद्यालयात गेल्याने ती सुटणार नाही. मुक्त विद्यापीठाने किमान ४४ श्रेयांक मान्य केल्यास मी तेथे प्रवेश घेईन. त्याहून कमी मान्य झाल्यास एक वर्ष थांबून, नोकरीच्या वेळा बदलण्याचा प्रयत्न करीन आणि श्रेयांकांची मुदत संपण्यापूर्वी शिक्षण पुन्हा सुरू करीन.”

या निष्कर्षात कारण आहे, अट आहे आणि अट पूर्ण न झाल्यास काय करायचे, हेही आहे. केवळ ‘बदलणे योग्य वाटते’ असे लिहिण्यापेक्षा हे अधिक उपयुक्त आहे.

यानंतर कृतीचा क्रम महत्त्वाचा. प्रथम नव्या विद्यापीठाकडून मान्य श्रेयांकांविषयी लेखी उत्तर घ्यावे. मग प्रवेशाची अंतिम तारीख पाहावी आणि शेवटी जुन्या महाविद्यालयाचा दाखला व विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र काढावे. हा क्रम उलटला, तर जुना प्रवेश संपतो आणि नवा मिळत नाही. ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ अशी अवस्था होते.

तुमची प्रगती तपासा

१. ‘श्रेयांक जमा असणे’ व ‘श्रेयांक स्वीकारले जाणे’ यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२. नव्या विद्यापीठाने ६६ पैकी ५५ श्रेयांक मान्य केले, तर १३२ श्रेयांकांच्या पदवीसाठी किती उरतील?

५.४ सारांश

निर्णयपर टिपणात खरे कारण, वस्तुस्थिती, पर्याय आणि सशर्त निष्कर्ष हे चार भाग येतात. विद्यापीठ बदलताना मागे गेलेल्या वर्षांची हळहळ किंवा नव्या नावाचे आकर्षण यांपेक्षा पदवीपर्यंत उरलेल्या वाटेचा हिशेब निर्णायक मानावा.

५.५ पारिभाषिक शब्द

श्रेयांक : अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल मिळणारे मापनाचे एकक.
समकक्षता : दोन अभ्यासक्रमांचा आशय व दर्जा तुल्य असणे.
स्थलांतर प्रमाणपत्र : दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी मूळ विद्यापीठाने दिलेला दाखला.

५.६ स्वाध्याय

१. निर्णयपर लेखन आणि वैचारिक लेखन यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुमच्या किंवा परिचितांच्या शिक्षणातील एखादा निर्णय घेऊन ३०० शब्दांत टिपण लिहा. निष्कर्षात किमान एक अट असावी.