गार सीट परवडते, चटका देणारी नाही

टोरांटोच्या हिवाळ्यात गाडीची तापणारी सीट ही चैन वाटत नाही. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीत ड्रायव्हरची सीट कोमट आणि डाव्या मांडीखाली एकाच जागी चटका, असं सुरू झालं तेव्हा पहिल्या गॅरेजवाल्याने सुचवलेला उपाय ऐकून मी थबकलो. तो म्हणाला, स्विच बदला. पण स्विच बिघडला तर सबंध सीट गार पडेल किंवा सबंध तापेल. चटका एकाच जागी कसा बसेल?

दुसऱ्या मेकॅनिकने कव्हर उघडलं. कापडाखालच्या गादीतल्या तारेचे काही पदर तुटले होते आणि उरलेल्यांतून सगळा प्रवाह जात होता. तिथला फोम काळा पडला होता. फ्यूज मात्र शाबूत! फ्यूज उडतो तो प्रवाह वाढला की. इथे प्रवाह वाढतच नाही, फक्त उष्णता एका बिंदूवर साचते. म्हणून ‘फ्यूज ठीक आहे’ यावर विसंबू नका.

चटका जाणवला की हीटर लगेच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका. सीट नुसती गार असेल तर आधी फ्यूज पाहा, मग सीटखालचा प्लग; सीट मागेपुढे सरकवताना तिथल्या वायरी ओढल्या जातात. प्लग काढून मल्टिमीटर लावला की चांगली तार साधारणतः काही ओहम दाखवते, तुटलेली काहीच दाखवत नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे; जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका.

सीटखालच्या पिवळ्या प्लगांना हात लावू नका. ते सहसा एअरबॅगचे असतात. ते काम जाणकाराचं. तुटलेली तार पिळून जोडणंही नको, त्या सांध्यावर पुन्हा उष्णता साचते. हीटरची गादीच बदलून घ्या.

सीटवर गुडघा टेकवून मागचं सामान काढणं टाळा, तार बहुधा तिथेच तुटते. आणि घरात मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेलं कुणी असेल, तर त्यांच्या सीटचा हीटर बंदच ठेवा. त्यांना चटका कळत नाही, भाजल्यावरच दिसतो.