अर्धं पाऊल पुढे



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२. विषय आहे दानाचे तीन प्रकार. आधी तीनही श्लोक सावकाश वाचा, मग इकडे या.

खरं सांगू? ‘दान’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर देवळातला क्यूआर कोड येतो. स्कॅन केला, १०१ रुपये गेले, दान झालं. त्यामुळे हे श्लोक मी कित्येक वर्षं ‘हे आपल्याला जमतंच’ असं म्हणून पुढे सरकवले. या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रस्त्यावर त्यांनी मला गाठलं.

माझी ही तिसरी पूर्ण मॅरेथॉन होती, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. बायकोची पहिलीच. माझा वेग किलोमीटरला साधारण सहा मिनिटं वीस सेकंद, तिचा साडेसात मिनिटं. पूर्ण अंतराला हा फरक जवळजवळ पन्नास मिनिटांचा होतो. मी जाहीर केलं, “या वर्षी मी माझं टायमिंग सोडलं. तुझ्यासोबत पळणार.” घरच्या ग्रुपवरही टाकलं. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते मला आवडलं. ही पहिली खूण होती, पण तेव्हा लक्षात आली नाही.

जोडीनं पळण्याचा नियम एकच आहे: ज्याचा वेग कमी, त्याच्या वेगानं दोघांनी पळायचं. यात नुसता चांगुलपणा नाही, शरीराचा हिशेब आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर बहुतेकांना तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास अपुरी पडायला लागते. सुरुवातीला वेग वाढवला तर ती आणखी लवकर संपते, आणि मग पाय ओंडक्यासारखे होतात. म्हणजे पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जोडीदाराला त्याच्या वेगापेक्षा थोडं जरी जास्त पळवलं, तरी त्याची किंमत तो शेवटच्या दहात मोजतो. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही त्याची सोपी परीक्षा. हे सगळं मला पाठ होतं. सरावाच्या वेळी मीच तिला शिकवलं होतं.

पहाटे पाचच्या सुमाराला सीएसएमटीहून निघालो. मरीन ड्राइव्हवर अजून अंधार. मी तिच्या बाजूलाच होतो, पण अर्धं पाऊल पुढे. ती वेग वाढवून बरोबरीला यायची, की मी पुन्हा अर्धं पाऊल पुढे. पाण्याच्या टेबलापाशी माझं आधी उरकायचं, मग मी मागे वळून उभा. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचो. तोंडानं एक शब्द बोललो नाही, पण डोक्यात लॉग चालू होता: बारा मिनिटं गेली, अठरा मिनिटं गेली.

सी लिंकवर पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं. ती म्हणाली, “अरे, तू माझ्यासोबत पळतोयस की मला ओढतोयस?”

मी पटकन बोलून गेलो, “मी पन्नास मिनिटं सोडलीत तुझ्यासाठी.”

ती काही पावलं गप्प पळाली. मग म्हणाली, “मग जा ना पुढे. मी मागितली नव्हती.”

आणि खरंच, तिनं मागितली नव्हती.

पुढचे दोन-तीन किलोमीटर आम्ही एक शब्दही बोललो नाही. त्या शांततेत एकविसावा श्लोक आठवला. आता तिन्ही श्लोकांचा अर्थ नीट बघू.

वीस: द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची अपेक्षा ज्याच्याकडून नाही त्याला दिलेलं, आणि योग्य जागा, योग्य वेळ, योग्य माणूस पाहून दिलेलं. हे सात्त्विक दान.

एकवीस: परतफेडीसाठी दिलेलं, किंवा फळावर नजर ठेवून दिलेलं, किंवा जिवावर येऊन दिलेलं. हे राजस.

बावीस: चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, अपात्राला दिलेलं, किंवा समोरच्याला मान न देता, तुच्छ लेखून दिलेलं. हे तामस.

एकविसाव्यात मी अडकलो तो ‘परिक्लिष्ट’ या शब्दावर. देताना मनाला क्लेश होतायत आणि तरी हात पुढे केलाय. ज्ञानेश्वर माउली इथे घरगुती दाखले देतात: दुधावर डोळा ठेवून गाईला चारा घालणं, आहेरावर नजर ठेवून सोयऱ्यांना बोलावणं. गाईला चारा मिळतो, तो खोटा नसतो. पण घालणाऱ्याचं लक्ष गाईकडे नसतंच, ते दुधाच्या भांड्याकडे असतं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मला दुधाच्या जागी ‘किती समजूतदार नवरा’ हे हवं होतं.

आणि बावीसही थोडा लागू झालाच की. जी बाई आयुष्यात पहिल्यांदा एवढं अंतर पळतेय, तिला अर्ध्या वाटेत ‘पन्नास मिनिटं’ ऐकवणं म्हणजे मान न ठेवता देणंच.

मग मी दोनच गोष्टी केल्या. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवली. आणि अर्धं पाऊल मागे आलो. वेग तिनं ठरवायचा, मी फक्त बाजूला. “सॉरी” म्हटलं, तर म्हणाली, “बोलू नकोस, दम वाचव.” म्हणजे माफी मिळाली, असं मी समजलो.

परतीचा पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटरनंतर येतो, नेमका साखर संपल्यावर. तिथे तिनं स्वतःच हिशेब बसवला: विजेचे दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. चढ संपला आणि माझ्याच पोटरीत गोळा आला. अनुभवी माणूस फुटपाथवर आडवा! तिनं माझा पाय धरून पंजा मागे दाबला, स्वतःजवळची मीठ-साखरेची पुडी मला दिली, मी उभा राहीपर्यंत थांबली. साडेपाच तासांच्या आत आम्ही दोघं बरोबर पोहोचलो.

संध्याकाळी मी म्हटलं, “माझ्यामुळे तुझी पाच मिनिटं गेली गं.”

ती म्हणाली, “कुठली पाच मिनिटं?”

मंडळी, विसाव्या श्लोकावर मी बरीच भाष्यं वाचली आहेत. हे मला सगळ्यात नीट समजलं.

आता कोणी विचारेल, मग स्वतःचं टायमिंग करूच नये का? जरूर करा. “या वर्षी मला माझी रेस पळायचीये, फिनिशला भेटू” हे सरळ सांगणं, जिवावर येऊन सोबत करण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. देश, काळ, पात्र बघायचं ते यासाठीच. आणि दुसरी चूकही नको: मन शुद्ध होईपर्यंत काही द्यायचंच नाही, असं भगवंत म्हणत नाहीत. देत राहायचं आणि देता देता मन दुरुस्त करायचं. अर्धं पाऊल मागे येणं पळता पळताही जमतं.

आजचा सराव

घरातल्या एका माणसासाठी तुम्ही रोज करता अशी एक गोष्ट निवडा. चहा, गाडीनं सोडणं, आईचा फोन, काहीही. मग स्वतःला विचारा:

१. हे त्यानं मागितलं होतं का, की मीच जाहीर केलं?
२. याची नोंद मनात कुठे ठेवलीये का?
३. भांडणात ही नोंद मी कधी बाहेर काढलीये का?

तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर आज ती गोष्ट पुन्हा करा, पण घड्याळ आत फिरवून.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्या हातून जे दिलं जातं त्याची वही तुझ्याकडे राहू दे, माझ्याकडे नको. आणि ज्यांच्यासोबत चालतोय, त्यांच्या बाजूला चालायला शिकव.

उद्या श्लोक २३ पासून, ‘ॐ तत् सत्’ कडे वळू.

राम कृष्ण हरी!